संख्यावाचन, मराठी (प्राथमिक गणित)

अंकांत लिहिलेली संख्या शब्दांत म्हणणे म्हणजे संख्यावाचन. पहिली-दुसरीतल्या मुलांची खरी कसोटी लागते ती 21 ते 99 या टप्प्यात. लिहिताना दशकाचा अंक आधी येतो, म्हणताना एककाचा. म्हणून ‘पंचवीस’ ऐकलेले मूल पाटीवर 52 लिहिते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. कानावर आलेला क्रमच त्याने इमानाने उतरवलेला असतो.

नावांची घडणही एकसारखी नाही. पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते, त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा करून नाव पडते. 99 मात्र नव्याण्णव. शिवाय त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी ही जोडाक्षरे नुकत्याच वाचू लागलेल्या मुलापुढे येतात. कानडी आणि तेलुगूत दशक आधी म्हणतात, त्यामुळे तिथे क्रमाची ही अडचण नाही. हिंदी-गुजरातीत ती आहेच.

वर्गात यावरचा जुना आणि भरवशाचा उपाय काड्यांचा. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करायचा. समोर दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या ठेवल्या, की मूल आधी गठ्ठे मोजते, ‘दहा, वीस’, आणि मग सुट्ट्यांवर येते. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊनही हेच करता येते. हा टप्पा घाईने उरकू नये. नाहीतर 38 आणि 25 ची बेरीज करताना ‘आठ नि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक’ हे तोंडपाठ होते. पण तो एक म्हणजे नवा बांधलेला गठ्ठा, हे कळत नाही.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास सात’ असे वाचन आले आणि 2019 मध्ये त्यावर मोठा वाद झाला. विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण मांडून या पद्धतीची बाजू घेतली. रूढ नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. एसटीत, किराणा दुकानात मुलाच्या कानावर ‘सत्तावन्न’च पडणार, तेव्हा ते यायलाच हवे. मात्र पाच गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या समोर असताना ‘पन्नास सात’ आधी म्हणू द्यावे आणि त्याच काड्यांवर बोट ठेवून ‘सत्तावन्न’ सांगावे.