हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ
भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८) यांची कादंबरी. पॉप्युलर प्रकाशन, मुंबई, २०१०. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोला असताना वडील अत्यवस्थ असल्याचे कळून खानदेशातील मोरगावी परततो. या निमित्ताने शेतकरी घराण्याच्या पिढ्या, गावगाडा, जातिव्यवस्था आणि स्त्रियांची दुःखे त्याच्या आठवणींत उत्खननातल्या थरांसारखी उलगडत जातात. नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकरही पुण्यातील शिक्षणानंतर गावी येतो, मात्र ते परतणे पराभूताचे आहे, तर ‘हिंदू’त त्याला वारशाच्या शोधाचे रूप येते. हा वारसा टाकवत नाही आणि पुरता पेलवतही नाही, ही जाणीव कादंबरीचा गाभा होय. नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.