आंबवलेलं सोयाबीन: फायदे कोणते, कोणी जपावं?

माळव्यात, बेळगाव भागात सोयाबीन पिकतं. पण बहुतेक तेल कारखान्यात जातं. जपानमध्ये त्याचा ‘नात्तो’ होतो, मणिपुरात ‘हवाईजार’, नागालँडमध्ये ‘अखुनी’. उकडलेले दाणे उबेत ठेवले की बॅसिलस जिवाणू ते आंबवतात. प्रथिनं फुटतात, फायटेट कमी होतं. त्यामुळे पचायला सोपं जातं आणि लोह, झिंक जास्त अंगी लागतं. नात्तोत के-२ जीवनसत्त्व भरपूर. ते हाडांना आणि रक्त गोठायला लागतं.

जपायचं नेमकं इथेच. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले किंवा गुठळ्यांचा त्रास असलेले अनेकजण वॉरफरिनची गोळी घेतात. त्यांनी नात्तो टाळावा. गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. मिसो, सोया सॉसमध्ये मीठ बरंच असतं. बीपीवाल्यांनी बेतानंच घ्यावं.