अशोक वैद्य आणि ‘वडापाव’ : एका समासाचा इतिहास

पदार्थाचा इतिहास लिहिणाऱ्यास राजवंशाच्या इतिहासकारापेक्षा एक अडचण अधिक असते. राजा सनदा देतो, शिलालेख कोरवितो. वडे तळणारा मनुष्य हिशेबाची वहीदेखील क्वचितच मागे ठेवतो. दादर स्थानकाबाहेर १९६६ साली बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते अशोक वैद्य अशांपैकीच होत. १९९८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयीची माहिती बहुतांशी कुटुंबीयांच्या कथनावर आणि वृत्तपत्रांतील वृत्तांतांवर आधारलेली आहे. अशा स्थितीत भाषेची साक्ष काढता येते काय, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

आरंभ या पदार्थाच्या घटकांपासून करावा लागतो. ‘वडा’ हा शब्द संस्कृत ‘वटक’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला असून बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त वटकांचा उल्लेख आहे. ते वडे अर्थातच डाळीचे. बटाटा त्या काळी या भूमीत नव्हता. बटाटा व मिरची ही अमेरिका खंडातील पिके पोर्तुगिजांच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यास लागली. उत्तरेकडील भाषांनी नव्या कंदास ‘आलू’ हे जुनेच नाव दिले; मराठी, कोंकणी व गुजराती यांनी मात्र वस्तूबरोबर तिचे पोर्तुगीज नावही स्वीकारले. उलट ‘मिरची’ हे नाव मिऱ्यावरून घरच्या घरी साधले गेले. तिखटाची ओळख आधीचीच होती, म्हणून असे घडले असावे.

‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. पायाने मळलेल्या कणकेवरून किंवा चतुर्थांशवाचक ‘पाव’वरून त्याची व्युत्पत्ती सांगण्याची हौस अद्याप आढळते, परंतु केवळ ध्वनिसाम्यावर उभारलेली ही व्युत्पत्ती टिकत नाही. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा धांडोळा घेणारा सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतर तरी या वादात काही तथ्य उरू नये.

वसईच्या वाचकास हा इतिहास परका नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंत ती उत्तर कोकणातील त्यांच्या सत्तेचे मुख्य ठाणे होती. किल्ला गेला; पगार, चावी, बादली, साबण, पेरू, काजू हे शब्द मराठीत राहिले. (ते सर्व वसईमार्गेच आले असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे, गोव्याचा वाटा मोठा आहे.) पावाची गोष्ट मात्र साबणाइतकी सरळ नव्हे. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटविल्याच्या आख्यायिका या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील ऐतिहासिक सत्यांश किती, हा प्रश्न निराळा. पाव हे एके काळी धर्मसीमेचे चिन्ह होते, एवढे त्यांवरून निश्चित दिसते. ज्या पावाने माणूस बाटतो असे मानीत, त्याच पावात घरगुती बटाटावडा जाऊन बसला आणि कोणी हरकत घेतली नाही. वैद्यांच्या कृतीचे महत्त्व मोजताना हे अंतर ध्यानात ठेवावे.

त्या कृतीचे स्थळही अर्थपूर्ण आहे. पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचे दादर हे मिलनस्थान, आणि गिरणगाव हाकेच्या अंतरावर. पाळीवर निघालेल्या कामगारास बसून जेवण्यास वेळ नसतो. वैद्य आधी नुसते वडे विकीत; शेजारी आम्लेटपावाची विक्री होत असे, तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. कापलेल्या पावास चटणी लावून त्यात वडा दाबला की ताटली नको, चमचा नको; एका हातात खाणे व दुसऱ्या हातात गाडीची दांडी. सुधाकर म्हात्रे यांनीही दादरलाच त्याच सुमारास वडापाव विकण्यास आरंभ केल्याचे सांगितले जाते. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात. सर्व घटक हाताशी असताना एकच युक्ती दोघांना सुचणे असंभाव्य नव्हे. तथापि, लोकस्मृतीने वैद्यांचे नाव अधिक आग्रहाने जपले आहे.

आता व्याकरणाची साक्ष. ‘मिसळपाव’ हा द्वंद्व समास आहे : मिसळ आणि पाव. ताटात दोन्ही निराळे असतात व गिऱ्हाईक ‘एक मिसळ, तीन पाव’ असे त्यांना सहज विलग करते. ‘वडापाव’ हा वरकरणी तसाच दिसतो. लिंगाची कसोटी येथे निरुपयोगी, कारण दोन्ही पदे पुल्लिंगी. वचनाची कसोटी मात्र निर्णायक ठरते. दोन वडे आणि दोन पाव मागणारा कधीही ‘दोन वडेपाव’ म्हणत नाही. तो ‘दोन वडापाव’च म्हणतो. पूर्वपद अविकारी झाले, याचा अर्थ समास द्वंद्व राहिला नाही. तो ‘पुरणपोळी’च्या वर्गातील मध्यमपदलोपी समास होय : वडा घातलेला पाव. दोन जिन्नसांचा एक जिन्नस झाल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसली तरी ती बोलणाऱ्यांच्या वचनव्यवहारात आहे. येथे लोप पावलेले ‘घातलेला’ हे पद म्हणजेच वैद्यांची कृती, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे.

पुढील प्रसार लोहमार्गाने झाला. विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये धावली. १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. म्हणजे सुमारे ६० किलोमीटरचा हा प्रवासमार्ग वडापावाची वाट पाहत तीस वर्षे सिद्धच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यात रोजगार गमावलेल्या अनेकांनी वडापावाच्या गाड्या लावल्या. थोडे भांडवल, घरची पाककृती आणि कोणाच्याही स्वामित्वहक्काचा अडसर नाही, अशी ही सोय होती. या खुलेपणामुळेच पदार्थ पसरला, आणि त्यामुळेच मूळ कर्त्याचे नाव मागे पडले. २००० नंतर साखळी दुकानांनी तोच पदार्थ व्यापारी नावांनी विकण्यास घेतला.

वसई स्थानकाबाहेरच्या गाडीवर सायंकाळी प्रस्तुत लेखकाने काही काळ उभे राहून ऐकले. बहुतेक गिऱ्हाइकांनी पदार्थाचे नाव उच्चारलेच नाही. पैसे पुढे करीत ती इतकेच म्हणत होती : ‘दोन द्या.’