इर्शाळवाडीनंतरचं काम: आपत्तीत शेतकऱ्यांच्या मदतीला येणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात?

19 जुलै 2023, बुधवार. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात तीन दिवस पाऊस कोसळत होता. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या उतारावरची दरड खालच्या इर्शाळवाडीवर आली. 228 लोकवस्तीची ही ठाकर आदिवासींची वाडी. चौक आणि मोरबे धरणाच्या बाजूने पायवाटेने तास-दीड तास चढून गेल्यावर लागायची. गाडीरस्ता नव्हताच.

चार दिवस शोध चालला. 27 मृतदेह सापडले. 57 जण सापडलेच नाहीत. 23 जुलैला शोधकार्य थांबवलं आणि बेपत्ता लोकांना मृत मानण्यात आलं.

एवढं बहुतेकांना आठवतं, कारण त्या आठवड्यात मोबाईलवर दुसरं काही दिसत नव्हतं. पण 144 माणसं वाचली होती. त्यातली बरीचशी शेतीवर आणि मजुरीवर जगणारी. त्यांच्यासाठी 24 जुलैला काय सुरू झालं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी कोण पोहोचलं?

अशा वेळी आपल्या डोळ्यासमोर एनडीआरएफचा केशरी गणवेश येतो. ते आलेच. पण पहाटेच्या आत वर पोहोचलेल्यांमध्ये आसपासच्या वाड्यांमधली माणसं आणि खोपोलीचे स्वयंसेवक होते. 'यशवंती हायकर्स' ही गिर्यारोहकांची संस्था आणि 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' हा एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात धावून जाणारा गट, ही त्यातली ठळक नावं. कारण साधं आहे. त्यांना वाट माहीत होती. इर्शाळगड हा नेढ्यासाठी प्रसिद्ध असलेला ट्रेकर्सचा किल्ला. अंधारात, धुक्यात, चिखलात तिथे कुठे पाय ठेवायचा हे नकाशावरून कळत नाही.

ती चढण किती कठीण होती ते एका गोष्टीवरून कळेल. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराने मृत्यू झाला. जेसीबी वर नेता येईना, हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर उतरेना. मग टिकाव, फावडं, घमेलं आणि हात. शेकडो माणसांनी मातीचा तो ढीग हातांनी उपसला.

मग मदतीचा पूर आला

पुढचे काही दिवस चौकमध्ये गाड्यांची रांग लागली. कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी. हेतू चांगलाच होता. पण दुर्घटनेच्या ठिकाणी बघ्यांची आणि हौशी मदतकर्त्यांची गर्दी इतकी वाढली की प्रशासनाला तिथे जमावबंदी लावावी लागली.

ही चूक आपण दरवेळी करतो. 2005 च्या महापुरात झाली, 2021 मध्ये महाड-तळीयेला झाली. पहिल्या आठवड्यात जुन्या कपड्यांचे ढीग, आणि तिसऱ्या आठवड्यात कोणी नाही. शेतकऱ्याची खरी अडचण मात्र तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते.

जुलैची तारीख का महत्त्वाची?

कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा पट्टा. सपाटीला खाचरं, उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी आणि वरी. जूनमध्ये रोपं टाकायची, जुलैत आवणी उरकायची. घाटमाथ्यावर जास्तीत जास्त पाऊस पडतो तोही नेमका याच दिवसांत. उल्हास नदीला मोठे पूर जुलैत आलेले आहेत. 26 जुलै 2005, 27 जुलै 2019 (याच दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती), 22 जुलै 2021. तारखा बघा.

म्हणजे संकट येतं तेव्हा रोपं एकतर रोपवाटिकेत असतात किंवा नुकतीच लावलेली असतात. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि सोबत माती जाते. वरून आलेला गाळ आणि दगडगोटे रोपांवर बसतात. दहा-बारा दिवसांत पुन्हा लावणी झाली तर काहीतरी हाताला लागतं. ऑगस्टचा मध्य उलटला की उत्पन्न घसरत जातं. आणि भात गेला म्हणजे वर्षभराच्या घरच्या तांदळाबरोबर जनावरांचा पेंढाही गेला.

म्हणून इथे चांगला स्वयंसेवक तो, जो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फावडं घेऊन येतो. बांध पुन्हा बांधायचा, दगड वेचायचे, गाळ ओढून काढायचा. कोकणात 'सावड' नवी नाही. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. फक्त आपत्तीत अख्ख्या गावाचीच शेतं बुडालेली असतात, त्यामुळे सावडीला माणसं बाहेरून लागतात.

बियाणं कुठून आणायचं?

इथे कर्जतकरांचं नशीब थोडं बरं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतमध्येच आहे. 'कर्जत-3', 'कर्जत-184' ही नावं महाराष्ट्रभरच्या भात उत्पादकांना ठाऊक आहेत. उशिरा पुन्हा पेरायची वेळ आली तर लवकर तयार होणारं वाण घ्यावं लागतं. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या वाणाला तेवढे दिवस उरलेले नसतात.

रोपंच नसतील तर दोन वाटा. एक 'रहू' पद्धत: बियाणं भिजवायचं, ओल्या गोणपाटात ठेवून मोड आणायचे आणि चिखलणी केलेल्या खाचरात थेट फेकायचं. दुसरी 'दापोग' पद्धत: प्लास्टिकच्या कागदावर पातळ थरात रोपं वाढवायची, ती साधारण दोन आठवड्यांत लावायला येतात. दुसऱ्या पद्धतीत गंमत अशी की ज्या गावाला पुराचा फटका बसला नाही तिथल्या अंगणात रोपं तयार करून टेम्पोने नेता येतात. शहरातल्या गटाला मदतच करायची असेल तर बिस्किटांच्या दहा खोक्यांपेक्षा हा टेम्पो जास्त कामाचा.

धान्याबाबतही एक जुना अनुभव याच भागातला आहे. कर्जत तालुक्यातल्या कशेळे इथल्या 'ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका चालवल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की बँकेतून उसनं घ्यायचं, सुगीला परत करायचं, म्हणजे सावकाराचं दार नको. पूर-दरडीसाठी ही कल्पना काढलेली नव्हती, पण वाडीत धान्याचा साठा असला तर आपत्तीतही चूल पेटते.

कागदांची लढाई

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. पंचनामा.

आपत्ती मदत निधीच्या 2022 नंतरच्या केंद्रीय निकषांनुसार, पीक 33 टक्के किंवा जास्त गेलं तर कोरडवाहूसाठी हेक्टरी 8,500 रुपये आणि बागायतीसाठी 17,000 रुपये मिळतात, दोन हेक्टरच्या मर्यादेत. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी 18,000. दरडीने किंवा नदीने जमीनच नेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी 47,000. दुभतं मोठं जनावर 37,500, ओढकामाचा बैल 32,000, शेळी 4,000. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं.

पैसे मिळायला मात्र पुरावा लागतो. पाणी ओसरून चार दिवस झाले, शेतकऱ्याने स्वतःच गाळ काढला, तर तलाठी आल्यावर दाखवायचं काय? म्हणून फावडं मारण्याआधी फोटो. तारीख आणि ठिकाण दिसणारे. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. मोबाईल सराईतपणे वापरणारा एक कॉलेजचा पोरगा अर्ध्या दिवसात अख्ख्या वाडीचं हे काम करू शकतो.

पीक विमा वेगळा. तो काढलेला असेल आणि त्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. 14447 या क्रमांकावर किंवा ॲपवर. आणि इथे भात शेतकऱ्यासाठी एक खोच आहे. दरडीखाली गेलेलं पीक 'स्थानिक आपत्ती'त बसतं. पण शेतात पाणी साचून गेलेलं भात 2018 पासून त्या यादीतून वगळलेलं होतं, का तर भात हे पाण्यातलंच पीक! आठ-आठ दिवस पुराच्या पाण्याखाली राहिलेलं रोप कुजतं, हे कर्जतच्या कुठल्याही म्हातारबाबांनी सांगितलं असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की खरीप 2026 पासून भाताला हे संरक्षण पुन्हा मिळेल.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही

रायगडच्या आतल्या भागात ठाकर आणि कातकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या 'दळी' जमिनी कसत आली आहेत. वनहद्दीतले हे उताराचे तुकडे. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, तरी ज्यांचे दावे मंजूर झाले नाहीत त्यांच्याकडे सातबारा नाही. सातबारा नाही तर पंचनाम्यात नाव येणं अवघड. कुणाची जमीन खंडाने कसणाऱ्याचंही तेच: कष्ट त्याचे, मदत मालकाच्या खात्यात. अशा ठिकाणी स्वयंसेवकाने ग्रामसभेचा ठराव, दाव्याची पोच, जुनी दंडाची पावती असं जे असेल ते गोळा करून तहसीलला सोबत जावं लागतं. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही.

इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी त्यात आणखी एक गाठ. माणूस बेपत्ता असेल तर कायद्याने मृत मानायला एरवी सात वर्षं लागतात. सरकारने विशेष निर्णय घेतल्याशिवाय मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय वारसनोंद, बँक खातं, विमा सगळं अडून राहतं.

घर मिळालं, शेताचं काय?

वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत ठेवलं. सिडकोने जवळच मानिवलीत 44 पक्की घरं बांधायला घेतली. पण दुर्घटनेला वर्ष झालं तेव्हाही लोक कंटेनरमध्येच होते. माळीणचा अनुभव याहून लांबचा. 30 जुलै 2014 ला दरड कोसळली, आमडे इथलं नवं गाव 2017 मध्ये मिळालं.

घर खाली आलं तरी वरकस जमीन वरच राहते. गुरं बांधायला गोठा, पेंढा ठेवायला जागा, रान जवळ, हे वसाहतीत सहज मिळत नाही. म्हणून अशा गावात दोन वर्षांनी जाणारे गट वेगळी कामं करताना दिसतात: शेळ्यांचा निवारा, परसबाग, मुलांची शाळेपर्यंतची सोय.

तुम्हाला जायचं असेल तर

आधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, 1077 वर, विचारा. डोंगरात बचावाला प्रशिक्षण नसताना जाऊ नका. सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत नागरिकांना असं प्रशिक्षण दिलं जातं. बाकीच्यांनी गावातल्या एखाद्या माणसाला फोन करून एवढंच विचारावं: आवणी राहिली आहे का, बियाणं आहे का, पंचनामा झाला का? उत्तर ऐकून मग गाडीत काय भरायचं ते ठरवा. आणि शक्य असेल तर दुसरी फेरी भाताच्या कापणीला ठेवा, दसरा-दिवाळीच्या आसपास. तेव्हा माणसं कमी पडतात.