स्टॅफर्ड टेरेसमधील अठरा नंबरचें घर

लंडन शहराच्या केन्सिंग्टन भागांत स्टॅफर्ड टेरेस नांवाचा एक रस्ता आहे. भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या तेथील उंच घरांच्या ओळींत अठरा नंबरचें घर बाहेरून शेजारच्या घरांहून फारसें निराळें दिसत नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत, १८७० नंतरच्या चार-पांच वर्षांत तें बांधलें गेलें. त्यांत कोणी राजा जन्मला नाहीं, कीं कोणता तह झाला नाहीं. तरीहि आज तें संग्रहालय म्हणून जपलें जात आहे. इतकेंच नव्हे, तर त्या काळच्या कित्येक इमारतींचें रक्षण त्याच्याच दिवाणखान्यांत सुरू झालें.

१८७५ सालीं लिन्ली सँबोर्न या चित्रकारानें तें घेतलें. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाशीं त्याचा संबंध १८६७ पासूनचा. आफ्रिका खंडावर एक पाय कैरोला व दुसरा केपटाउनला रोवून उभा राहिलेला सेसिल ऱ्होड्स १८९२ मध्यें रेखाटला तो त्यानेंच. मिळकत बेताची, पण हौस मात्र सरदारी! जुनें सामान, चिनी मातीचीं भांडीं, रंगीत कांचेच्या खिडक्या यांनीं त्यानें घर भरून काढलें. भिंतींना विल्यम मॉरिसच्या कारखान्याचा नक्षीदार कागद लावला. पुढें कातड्यासारखा दिसणारा, उठावाच्या नक्षीचा महाग कागद लावण्याची इच्छा झाली, तेव्हां चित्रांच्या चौकटींमधील मोकळ्या जागींच तो चिकटविला. चौकटींमागें जुनाच कागद राहूं दिला. या एका काटकसरींत त्या वर्गाच्या संसाराचें जेवढें मर्म आहे, तेवढें एखाद्या राजवाड्यांत क्वचितच आढळेल.

आठवड्याचें चित्र आठवड्याला द्यावयाचें, म्हणून सँबोर्न छायाचित्रांचा आधार घेई. मित्र, नोकर, गाडीवान यांना निरनिराळे वेष देऊन तो उभें करी, कधीं स्वतःच उभा राही, आणि न्हाणीघरांत त्या कांचा धुई. अशीं हजारों छायाचित्रें शिल्लक राहिलीं. त्याची पत्नी मॅरियन हिनें वर्षानुवर्षें रोजनिशी लिहिली. तींत पाहुणे, पंक्ती, आजारपणें आणि नोकरांच्या कटकटी यांची नोंद आहे. इतिहासकाराला लढायांचे कागद पुष्कळ मिळतात. असे कागद, आणि तेहि ज्या घरांत लिहिले गेले त्या घरासकट, फार थोडे मिळतात.

सँबोर्न १९१० सालीं व मॅरियन १९१४ सालीं निवर्तली. अविवाहित मुलगा रॉय १९४६ पर्यंत तेथेंच राहिला व त्यानें जवळजवळ कांहींच बदललें नाहीं. यांत तत्त्वापेक्षां संवयीचाच भाग अधिक असावा. पण उपकार मोठा झाला. कारण त्या काळीं 'व्हिक्टोरियन' म्हणजे अवजड व कुरूप असें शिकलेलीं माणसेंहि बेधडक म्हणत, आणि आजोबांचें फर्निचर मातीमोलानें विकून टाकीत.

रॉयची भाची ॲन, रॉसची काउंटेस, हिला मात्र तें घर प्रिय होतें. १९५७ च्या नोव्हेंबरांत तिनें तेथें समानधर्मी मंडळी जमविली. तींतून १९५८ सालीं व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली. कवि जॉन बेट्जेमन व कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर हे तिचे खंदे पुरस्कर्ते. आरंभीं पराभवच पदरीं आला : यूस्टन स्टेशनची भव्य कमान १९६१-६२ मध्यें पाडली गेली. पण त्या धक्क्यानें लोकमत जागें झालें, आणि जवळच्याच सेंट पँक्रस स्टेशनाच्या हॉटेलाला १९६७ सालीं कायद्याचें पूर्ण संरक्षण मिळालें.

मुंबईकरांस हा वारसा परका नाहीं. मुंबईचें उच्च न्यायालय, विद्यापीठ आदि व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आल्या, हें योग्यच झालें. परंतु त्या कारभाराच्या व समारंभाच्या वास्तू. त्याच काळांत कुटुंबें कशीं राहत व खर्चाचा मेळ कसा घालीत, हें विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून कळत नाहीं.

१९८० सालीं काउंटेसनें घर लंडनच्या महानगर कौन्सिलला विकलें व सोसायटीनें तें लोकांस खुलें केलें. १९८९ पासून तें केन्सिंग्टन-चेल्सी बरोच्या ताब्यांत आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ सालीं दारें पुन्हां उघडलीं, तेव्हां दिवाणखान्याबरोबर माळ्यावरची मोलकरणीची लहानशी खोलीहि पूर्ववत् मांडून ठेवलेली होती.