बार्बेक्यू : भट्टी कुणाची, टेबल कुणाचं?

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे ह्युस्टनला गेलो होतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं हे मोठं शहर. पोहोचून आठवडा झाला तरी घरात बिर्याणी, खिमा, दालचा असाच बेत चालला होता. शेवटी भाऊ म्हणाला, "भाईजान, औरंगाबादचंच जेवण जेवायचं होतं तर विमानाचं तिकीट कशाला काढलं? उद्या तुम्हाला इथलं खाणं खाऊ घालतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शहराबाहेरच्या एका बार्बेक्यूच्या हॉटेलात गेलो. मालकाचं कुटुंब मूळचं कराचीचं, त्याचा स्वतःचा जन्म मात्र टेक्सासचा. मांस हलाल, पद्धत अस्सल टेक्सासची. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलात बसवलेली शेगडी आणि तिच्यावर फिरवलेल्या सळया आठवतात. इथं तसलं काही नव्हतं. दारापर्यंत रांग होती. काउंटरवर एकजण लांब सुरीनं मांस कापत होता, वजन करत होता आणि खाटकाच्या दुकानातल्यासारख्या जाड कागदावर ठेवत होता. सोबत साधा पाव, कच्चा कांदा, काकडीचं लोणचं. ताट नाही, काटे-चमचे नाहीत.

मांस होतं ब्रिस्केट, म्हणजे बीफचा छातीचा भाग. आपले कसाई त्याला सीना म्हणतात. बाहेरून कोळशासारखं काळं, त्याखाली बोटभर गुलाबी कडा, आत लुसलुशीत. मसाला म्हणाल तर मीठ आणि काळी मिरी. तोंडात टाकलं आणि मला एकदम माझे नाना आठवले, आईचे वडील. औरंगाबादेत लग्नाच्या मांडवात रात्रभर डेगीजवळ बसून नान-खलिया शिजवणारे. चव त्या खलियाची नव्हती, पण मऊपणा तोच होता. घाई करून जो येत नाही, तो.

जेवण झाल्यावर भावाच्या ओळखीनं मागं भट्टी बघायला गेलो. लोखंडाच्या लांबलचक पिंपासारख्या भट्ट्या, बाजूला ओकच्या लाकडांचा ढीग. भट्टीवर साठीतले एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. आग कधी पेटवली, असं विचारलं. "काल संध्याकाळी," ते म्हणाले. झोपलात कधी, असं विचारल्यावर नुसते हसले. हे काम वडिलांकडून शिकलो, वडील त्यांच्या वडिलांकडून, एवढं सांगून ते पुन्हा लाकडं सारायला लागले.

त्या हसण्यानं मी घरी येऊन या खाण्याचा इतिहास वाचायला बसलो. सुट्टीचे उरलेले दिवस त्यातच गेले.

नाव कुठून आलं?

'बार्बेक्यू' हा शब्द इंग्रजांचा नाही. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक लाकडी फळ्यांच्या उंच मांडणीला जे म्हणत, ते स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असं ऐकलं. १५२६ साली स्पेनमध्ये छापलेल्या ओव्हिएदो यांच्या ग्रंथात हा शब्द सापडतो. या मांडणीखाली मंद आग ठेवून तिथले लोक मासे आणि मांस धुरावर शिजवत. युरोपीयांनी डुकरं आणि गुरं आणली. १५३९ मध्ये एर्नांदो द सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्यासोबत डुकरांचा कळप होता. पुढं जहाजं भरभरून आफ्रिकेतली माणसं आणली गेली. पद्धत मूलनिवासींची, जनावर युरोपीयांचं आणि श्रम गुलामांचे, अशी ही तीन खंडांची गाठ आहे.

अठराव्या शतकात व्हर्जिनियात बार्बेक्यू म्हणजे मोठा सोहळा झाला होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९ च्या रोजनिशीत अलेक्झांड्रियातल्या बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. १८ सप्टेंबर १७९३ रोजी त्यांनी अमेरिकी संसदेच्या इमारतीची कोनशिला बसवली, तेव्हाही ५०० पौंडांचा बैल भाजून मेजवानी झाली. पुढं निवडणुकीच्या सभा आणि बार्बेक्यू हे समीकरणच झालं. या नोंदींत पाहुण्यांची नावं आहेत, भाषणं आहेत, बैलाचं वजनसुद्धा आहे. भाजणाऱ्याचं नाव शोधलं तर सापडत नाही.

दक्षिणेतल्या मळ्यांवर हे काम गुलामांकडे असे. जमिनीत लांब चर खणायचा, दुसरीकडे लाकडं जाळून निखारे करायचे, ते फावड्यानं चरात पसरायचे आणि वर आडव्या काठ्यांवर अख्खं जनावर ठेवायचं. मग रात्रभर निखारे बदलत राहायचं. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारनं गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलिनाचे वेस्ली जोन्स हे ९७ वर्षांचे गृहस्थ आहेत. काठीला मऊ चिंधी गुंडाळून रात्रभर मांसाला रस्सा कसा लावायचो, ते त्यांनी सांगितलं आहे. त्या रश्श्यात सिरका, काळी आणि लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण आणि चक्क धणे होते. ही यादी वाचताना वाटलं, या माणसाशी माझ्या नानांचं छान जमलं असतं.

१८३१ ची दोन माणसं

या इतिहासात १८३१ हे साल माझ्या मनात अडकून राहिलं. त्या वर्षी २१ ऑगस्टला, रविवारी, व्हर्जिनियातल्या साउदॅम्प्टन परगण्यात काही गुलाम जंगलात जमले. एकानं डुक्कर आणलं होतं, एकानं ब्रँडी. मळ्यावरच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी असं रानात जमून जेवण करणं कुणाला खटकण्यासारखं नव्हतं. त्याच जेवणावर बंडाचा बेत पक्का झाला. नेता होता नॅट टर्नर. बंड दोन दिवसांत चिरडलं गेलं, टर्नरला ११ नोव्हेंबरला फाशी झाली. त्यानंतर गुलामांनी एकत्र जमण्यावर आणि लिहा-वाचायला शिकण्यावर कायद्याचा फास आवळला गेला.

त्याच वर्षी शेजारच्या उत्तर कॅरोलिनात उमर इब्न सईद नावाचा एक गुलाम आपलं आत्मचरित्र लिहीत होता, तेही अरबीत. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता तोरोचा हा शिकलेला मुसलमान १८०७ मध्ये पकडून अमेरिकेत आणला गेला. पुढं त्याला चर्चमध्ये दाखल करून घेतलं गेलं. पण त्या हस्तलिखिताची सुरुवात त्यानं कुरआनातल्या सूरह मुल्कनं केली आहे, ज्यात सारी सत्ता अल्लाहच्या हाती असल्याचं सांगितलं आहे. मालकाच्या घरात बसून गुलामानं हीच सूरह निवडावी, हे पुरेसं बोलकं आहे. २०१७ पासून हे हस्तलिखित 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहे.

उत्तर कॅरोलिना म्हणजे डुकराच्या बार्बेक्यूचं माहेरघर. गुलामांच्या शिध्यातही मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस हेच मुख्य असे. फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या १८४५ च्या पुस्तकात महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, असा हिशेब दिला आहे. आफ्रिकेतून आणलेल्यांत उमरसारखे मुसलमान बरेच होते. समोर आलेला शिधा आणि आतली श्रद्धा यांतून त्यांनी रोज वाट कशी काढली असेल? हलालची पाटी बघून निवांत जेवलेल्या मला हा प्रश्न अस्वस्थ करून गेला.

टेक्सासचा सीना

टेक्सासची गोष्ट थोडी वेगळी. एकोणिसाव्या शतकात इथं जर्मन आणि चेक खाटीक आले. न खपलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर ठेवत. कापूस वेचायला आलेले मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजूर ते विकत घेऊन कागदावरच खात. आज जी 'अस्सल' पद्धत म्हणून मिरवली जाते, तो कागद या मजुरांच्या जेवणातून आला. लॉकहार्ट गावातलं 'क्रॉइत्झ मार्केट' १९०० साली असंच मांसाचं दुकान म्हणून सुरू झालं. सीना पुढं आणण्यात यहुदी स्थलांतरितांचाही हात आहे. त्यांच्या कोशर नियमांत जनावराचा पुढचा भाग सहज बसतो, मागचा बसत नाही.

सीना हा कष्टाचा स्नायू, म्हणून चिवट आणि एके काळी स्वस्त. भट्टी ११० ते १२० अंशांवर बारा-चौदा तास ठेवली की त्यातले चिवट धागे विरघळून मऊ होतात. मधे एक वेळ अशी येते की मांसाचं तापमान ६५-७० अंशांवर कित्येक तास अडून बसतं, कारण आतलं पाणी बाहेर येऊन वाफ होत राहतं. नवखा माणूस इथं घाबरून आग वाढवतो आणि मांस बिघडवतो. जाणता स्वस्थ बसतो. श्रीमंतांनी नाकारलेल्या तुकड्यातून उत्तम खाणं काढण्याची विद्या जगभर गरिबांकडेच का असते, ते इथं कळतं.

याच टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनमध्ये १९ जून १८६५ रोजी गुलामांच्या मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. लिंकन यांचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्सासच्या सुमारे अडीच लाख गुलामांना तो लागू व्हायला अडीच वर्षं गेली. पुढच्या वर्षापासून हा दिवस 'जूनटीन्थ' म्हणून साजरा होऊ लागला आणि त्याच्या केंद्रस्थानी होता बार्बेक्यू. मळ्यावर मालकासाठी भाजणारे आता स्वतःसाठी भाजत होते. ह्युस्टनमधल्या मुक्त झालेल्या लोकांनी तर १८७२ मध्ये वर्गणी काढून या सोहळ्यासाठी दहा एकर जमीन घेतली. ते 'इमॅन्सिपेशन पार्क' मी भावासोबत जाऊन पाहिलं. २०२१ पासून ही राष्ट्रीय सुट्टी आहे.

आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून फुले ज्या मुक्तीकडे बघत होते, तिचा जल्लोष इथं असा भट्टीभोवती चालला होता.

खिडकीतून मिळणारं जेवण

पण कायद्यानं सुटका झाली म्हणून टेबलावर जागा मिळाली नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं हॉटेल १९२७ पासून चालू होतं. २२० माणसं बसतील एवढं मोठं. ३६ कामगारांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्या हातचं चालत होतं, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसता येत नव्हतं. बांधून घेऊन बाहेर जावं लागे. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला, तेव्हा हे हॉटेल त्याविरुद्ध कोर्टात गेलं. आमचा धंदा स्थानिक आहे, संसदेचा त्याच्याशी संबंध नाही, असा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं की, हॉटेलाच्या वर्षाच्या दीड लाख डॉलरच्या खरेदीतलं ४६ टक्के मांस परराज्यातून येतं. १४ डिसेंबर १९६४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमतानं हॉटेलाविरुद्ध निकाल दिला.

दक्षिण कॅरोलिनातल्या 'पिगी पार्क'च्या मालकानं तर धर्म पुढं केला. वंशांनी एकत्र येणं देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असा त्याचा दावा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निव्वळ पोकळ ठरवला.

मागचं दार

हा निकाल वाचताना मनातल्या मनात मी खूश होत होतो. अमेरिकेतल्या गोऱ्यांना नावं ठेवणं सोपं असतं. मग पुन्हा नाना आठवले.

नाना भटियारे होते. तुघलकाच्या लष्करासोबत नान-खलिया दौलताबादेला आला, असं आमच्या शहरात अभिमानानं सांगतात. पण तो शिजवणाऱ्या बिरादरीत मुलगी द्यायची वेळ आली की हाच अभिमान गप्प बसतो. इस्लाममध्ये जात नाही, हे मीही वर्गात शिकवतो. मात्र मांडवात दस्तरखान पडल्यावर नाना मागच्या दाराशी पेटीवर बसून शेवटी जेवायचे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आणि माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना आजोळचा धंदा विचारला, तेव्हा मी "कॅटरिंग" म्हणालो होतो. आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या हॉटेलात गेलो. भट्टीवरच्या गृहस्थांना त्यांचं नाव विचारलं आणि सांगितलं की, माझे नानाही हेच काम करायचे, रात्रभर जागून. त्यांनी हातमोजा काढून हात पुढं केला.

घरी आल्यावर आईला विचारलं, नानांच्या खलियाचं प्रमाण तुला आठवतं का? ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस." चाळीस किलोच्या डेगीचं सगळं प्रमाण तिला तोंडपाठ होतं. ती सांगत गेली, मी वहीत उर्दूत उतरवत गेलो. लाकडं किती, कोणती, कधी ओढायची, तेसुद्धा. पानाच्या वर नानांचं नाव लिहिलं आणि त्यापुढं लिहिलं, भटियारा.