प्रतिपक्षी न्यायपद्धती : गुण आणि दोष

परस्परविरोधी पक्षांनी आपापला पुरावा व युक्तिवाद तटस्थ न्यायाधीशापुढे मांडायचा आणि त्यांच्या संघर्षातून सत्य निष्पन्न व्हायचे, या तत्त्वावर उभी असलेली न्यायदानाची पद्धती. ती इंग्रजी विधिपरंपरेतून भारतात आली. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तिला आधार दिला आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तिचा गाभा कायम आहे. फ्रान्ससारख्या देशांतील चौकशीप्रधान पद्धतीत गंभीर गुन्ह्यांचा तपास चौकशी न्यायाधीशाच्या हाती असतो. येथे मात्र तपास पोलिसांकडे, पुरावा मांडणे वकिलांकडे आणि निर्णय न्यायाधीशाकडे, अशी विभागणी असते.

गुण : न्यायाधीश स्वतः तपास करत नसल्यामुळे त्याचे मत आधीच बनण्याचा धोका कमी होतो. सरतपासणीत, म्हणजे ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याने विचारलेल्या प्रश्नांतून, जे पुढे येते ते विरुद्ध पक्ष उलटतपासणीत पारखून घेतो. आरोपी निर्दोष आहे असे गृहीत धरून सिद्धतेचा भार सरकारपक्षावर टाकलेला असल्यामुळे व्यक्तीला शासनसत्तेपासून संरक्षण मिळते.

दोष : न्यायाधीशापुढे जे आले तेवढ्यावरच निर्णय होत असल्याने सदोष तपास, दुर्बल वकिली किंवा साक्षीदारांवरील दडपण यांचा परिणाम थेट निकालावर होतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील सत्र न्यायालयाचे नोव्हेंबर २०१७ मधील दोन निकाल या दृष्टीने बोलके आहेत. कोपर्डी (ता. कर्जत) येथे २०१६ साली झालेल्या अत्याचार व खून प्रकरणात विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी मांडली, १८ नोव्हेंबरला तिघे दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. याच दरम्यान, २३ नोव्हेंबरला, खर्डा (ता. जामखेड) येथे २०१४ साली झालेल्या दलित युवकाच्या खून खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाल्याने, म्हणजे त्यांनी पोलिसांना दिलेले जबाब न्यायालयात फिरवल्याने, आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. युवकाचा जीव गेला, परंतु त्याचे उत्तरदायित्व न्यायालयात कोणावरही सिद्ध झाले नाही. याउलट, याच जिल्ह्यातील सोनई (ता. नेवासा) येथील २०१३ च्या तिहेरी हत्याकांडाचा खटला जिल्ह्याबाहेर नाशिकला चालवला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली.

सुधारणा : न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ साली चौकशीप्रधान पद्धतीतील काही तत्त्वे स्वीकारण्याची शिफारस केली. न्यायाधीशाला सत्यशोधनासाठी कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने पूर्वीपासूनच आहे आणि त्याने मूक प्रेक्षक राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निर्णयाने निर्धन बंदिवानाचा मोफत विधी साहाय्याचा हक्क अधोरेखित केला, तर डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. दोन्ही पक्ष सारख्या बळाचे असावेत आणि साक्षीदार निर्भय असावा, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. जातीय व आर्थिक विषमता असलेल्या ग्रामीण समाजात ते आपोआप साकार होत नसल्याने सक्षम तपास, विधी साहाय्य आणि साक्षीदाराचे संरक्षण यांची तरतूद करणे हे राज्यसंस्थेचे अपरिहार्य कर्तव्य ठरते.